फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल, दोन पदव्या सोबत: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर एक प्रश्न हमखास येतो. "सर, बीएस्सी फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, दोन्ही डिग्र्या एकदम भेटतील का?" भेटतात. पण विचारायला येईपर्यंत बहुतेकांनी एका कॉलेजात फी भरलेली असते, मूळ एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) तिथं जमा केलेली असते आणि दुसऱ्या पदवीचा विचार त्यानंतर सुचलेला असतो. भरीत खाताना वांगं किडकं निघावं, तसं होतं ते. बघायचं होतं ते भाजण्याआधी.

मी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं या वाटेवर कुठं अडखळतात ते दरवर्षी पाहतो, म्हणून हा क्रम लिहून काढला. क्रम मोडू नका. तिसरी पायरी पाचवीनंतर केली तर बहुतेक वेळा पैसे आणि वर्ष दोन्ही जातात.

## १. आधी पदवीचं नाव ठरवा

"इलेक्ट्रिकल करायचंय" हे वाक्य अर्धवट आहे. त्या पदवीच्या कागदावर नेमकं काय छापलेलं हवं, ते आधी ठरवायचं.

महावितरण, महापारेषण किंवा दीपनगरचं वीजकेंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीच्या अभियंता पदाच्या जुन्या जाहिराती काढा. दोन-तीन पुरेत. त्यातली शैक्षणिक पात्रतेची ओळ पेनानं अधोरेखित करा. तिथं इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमधली बीई किंवा बीटेक मागितलेली दिसेल. 'इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स'मधली बीएस पदवी कितीही चांगल्या संस्थेची असली तरी त्या ओळीत बसेलच असं नाही. फिजिक्सच्या बाजूनंही तेच. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत इंजिनीअर बीटेकवर जातो, फिजिक्सवाल्याला मात्र एमएस्सी लागते. म्हणजे संशोधन हे ध्येय असेल तर नुसती बीएस्सी हा अर्धाच जिना आहे, आणि वेळेचा हिशोब पाच वर्षांचा धरायला हवा.

दुसऱ्या पदवीनं तुमचं कोणतं दार उघडणार आहे, ते एका ओळीत लिहून पाहा. "दोन डिग्र्या असल्या की वजन पडतं" ही ओळ धरायची नाही. एवढंच कारण असेल तर बीटेक करताना मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेचा जोडविषय, घ्या. त्यात साधारण १८ ते २० जादा क्रेडिट असतात, दुसरा प्रवेश नाही, दुसरी एलसी नाही. जिथं मायनर चालतं तिथं मी निम्म्या मुलांना हाच सल्ला देतो आणि त्यांच्या वडिलांचा चेहरा उतरलेला पाहतो.

## २. मार्ग निवडा

विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले चालतात, पण तासांच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत. एक वर्गातला आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन हेही चालतं. दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन हेही. पीएचडीला ही सवलत नाही.

आता यातलं आपल्याकडं काय जमतं ते पाहू.

पहिला मार्ग: एकाच संस्थेतली जोडपदवी. बिट्स पिलानीच्या पिलानी, गोवा आणि हैदराबाद या आवारांत एमएस्सी फिजिक्सला प्रवेश घेऊन पुढं बीई जोडता येते. दोन्ही मिळून पाच वर्षं. प्रवेश बिटसॅट या त्यांच्या प्रवेशपरीक्षेवर: तीन तास, १३० प्रश्न, ३९० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून ७५ टक्के आणि प्रत्येकात किमान ६० हवेत.

मोठा गैरसमज इथंच होतो. प्रवेशाच्या दिवशी तुम्हाला फक्त एमएस्सी फिजिक्स मिळालेलं असतं. बीईची शाखा पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरते. इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सला झुंबड असते. गुण कमी पडले तर फिजिक्ससोबत दुसरीच एखादी शाखा पदरात येते. फिजिक्स आणि सिव्हिल अशी जोडी पाच वर्षं ओढायची तयारी आहे का, हे घरून निघण्याआधीच ठरवा. फी खासगी संस्थेची आहे आणि जातनिहाय आरक्षण नाही, हेही घरात आधी बोला.

जेईई ॲडव्हान्स्डपर्यंत पोचणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो: कानपूरच्या आयआयटीत एका शाखेच्या पदवीसोबत दुसरा मेजर, म्हणजे दुसरा मुख्य विषय, घेण्याची सोय आहे. तिथंही तो पहिल्या दिवशी मिळत नाही, गुणांवर मिळतो.

दुसरा मार्ग: जवळच्या कॉलेजात बीएस्सी, सोबत ऑनलाइन बीएस. आयआयटी मद्रासची इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्समधली बीएस २०२३ पासून आहे. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, मग पात्रता परीक्षा, आणि ती सुटली तर प्रवेश. व्याख्यानं घरबसल्या, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात आणि काही प्रयोगशाळा चेन्नईच्या आवारात. नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार-जळगाव-भुसावळवरून थेट चेन्नईला जाते, तेव्हा जाणं अवघड नाही. पण तिकीट, राहणं आणि बीएस्सीची बुडणारी प्रॅक्टिकल्स यांचा हिशोब हवा. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार फीसवलत आहे, ती अर्जासोबतच मागायची.

इशारा: ही इलेक्ट्रिकलची बीई नाही. पहिल्या पायरीवरची अधोरेखित ओळ पुन्हा वाचा.

तिसरा मार्ग: इंजिनीअरिंग वर्गात, बीएस्सी दूरस्थ. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, बीएस्सी किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत करता येते. सहा वर्षांची मुभा ही इथली खरी सोय आहे. इंजिनीअरिंगच्या जड सत्रात बीएस्सीचे पेपर कमी घ्यायचे, हलक्या सत्रात वाढवायचे. अडचण प्रॅक्टिकलची. फिजिक्सचं प्रॅक्टिकल केंद्र कोणत्या गावात मिळेल आणि सत्र कोणत्या महिन्यात लागेल, हे प्रवेशाआधी विचारा. केंद्र नाशिकला किंवा पुण्याला निघालं तर दोन-तीन आठवडे तिथं राहायचा प्रश्न येतो.

उलटी जोडी, म्हणजे बीएस्सी वर्गात आणि बीई दूरस्थ, असली काही जाहिरात दिसली तर पान उलटा. इंजिनीअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीनं मान्य नाही, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा पदव्यांवर कडक निकाल दिलेला आहे.

चौथा मार्ग: एकामागून एक. याच्याकडं कुणी बघत नाही, आणि खानदेशातल्या साध्या घरातल्या मुलाला हाच बऱ्याचदा सगळ्यांत परवडतो. तीन वर्षं बीएस्सी फिजिक्स, मग थेट द्वितीय वर्ष इंजिनीअरिंगला इलेक्ट्रिकल, आणखी तीन वर्षं. सहा वर्षांत दोन्ही पूर्ण पदव्या. त्यासाठी बारावीला गणित लागतंच. डिप्लोमावाल्यांच्या जागा आधी भरतात, बीएस्सीवाल्यांचा विचार नंतर होतो, म्हणून गुण चांगले ठेवायचे. पहिल्या वर्षाचं ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हुकलेलं असतं, ते भरून काढावं लागतं. त्यात ड्रॉइंगला फिजिक्सची मुलं हमखास घाबरतात.

पाचवा मार्ग, जो मी सुचवत नाही: दोन्ही पदव्या वर्गात बसून, दोन वेगळ्या कॉलेजांत. नियमात बसतं. पण इंजिनीअरिंगचा दिवस दहा ते पाच असतो आणि बीएस्सीची प्रॅक्टिकल्स दुपारीच लागतात. सकाळच्या पाळीची बीएस्सी, त्याच गावात, प्रॅक्टिकलसह सकाळी? मला आजवर सापडलेली नाही.

## ३. तासांचा हिशोब आलेख कागदावर मांडा

ही पायरी मुलं "करू नंतर" म्हणून सोडतात. करा. आलेख कागद घ्या, आडवे सात दिवस, उभे चोवीस तास, आणि पेन्सिलीनं चौकोन भरा.

अमळनेरहून जळगावला रेल्वेनं बीएस्सीला येणाऱ्या एका मुलीसोबत मी हे बसून केलं होतं. आठवड्याचे १६८ तास. झोप ४९. कॉलेज ३०. प्रवास, गाडीची वाट आणि स्टेशनवरून कॉलेज धरून, सहा दिवसांचे १८. जेवणखाण, आवरणं, घरकाम २१. इथंच ११८ झाले, उरले ५०. जर्नल आणि बीएस्सीचा अभ्यास १८, उरले ३२. ऑनलाइन पदवीच्या एका विषयाला आठवड्याला १० तास धरले. तीन विषय घेतले तर दोन तास शिल्लक राहतात. त्यात ताप, लग्न, आखाजी, लेट गाडी काहीच बसत नाही. तिनं दोनच विषय घेतले. पदवीला वर्ष जास्त लागेल, पण ती टिकली.

प्रवासाचे तास मोजताना एसटीच्या वेळापत्रकावर जाऊ नका. प्रत्यक्ष घराचं दार ते वर्गाचं दार मोजा, पावसाळ्यातल्या दिवसाचं. आणि घरी शेती असेल तर कापूस वेचणीचे आणि केळीच्या कापणीचे आठवडे वेगळ्या रंगानं रंगवा. ते दिवाळीच्या आगेमागे आले की सत्रपरीक्षेवर येतात.

शिल्लक तास दहाच्या खाली गेले तर एक विषय कमी करा. तेही जमत नसेल तर चौथा मार्ग घ्या.

## ४. विद्यापीठाचं उत्तर लेखी घ्या

आयोगाची परवानगी म्हणजे तुमच्या विद्यापीठाची परवानगी नव्हे. आयोगानं यंत्रणा ठरवणं विद्यापीठांवर सोडलं आहे, आणि इंजिनीअरिंगला तंत्रशिक्षण परिषदेचे नियमही लागतात. खानदेशात गुंता असा की जळगाव, धुळे, नंदुरबारची बीएस्सी साधारण कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडं, तर इंजिनीअरिंगची कॉलेजं काही लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली, काही स्वायत्त. दोन पदव्या म्हणजे दोन वेगळे दरवाजे.

दोन्हीकडं एकच साधा अर्ज द्या: "मी अमुक अभ्यासक्रमासोबत तमुक अभ्यासक्रम अमुक पद्धतीनं करू इच्छितो. यास परवानगी आहे का, व हजेरीची अट काय, ते कळवावे." आवक क्रमांक टाकून घ्या. ईमेल करत असाल तर उत्तराची छापील प्रत काढून फायलीत लावा.

"क्लार्क साहेब म्हणाले चालतं" याला काही अर्थ नाही. एका मुलाला असंच तोंडी सांगितलं गेलं होतं, आणि दुसऱ्या वर्षी पात्रता तपासायची वेळ आली तोवर साहेबांची बदली झाली होती. लेखी काहीच नव्हतं. त्याचं अख्खं सत्र अर्ज-विनंत्यांत गेलं.

## ५. कागदपत्रं: एलसीचा प्रश्न

सगळ्यांत जास्त गाड्या इथं अडकतात. बारावीची मूळ एलसी एकच असते. पहिलं कॉलेज ती ठेवून घेतं, दुसरंही मूळच मागतं.

क्रम असा ठेवा:

१. एलसी जमा करण्याआधी तिच्या दहा झेरॉक्स आणि एक रंगीत स्कॅन. गुणपत्रिकेचंही तसंच.
२. मूळ एलसी जिथं वर्गात बसायचं आहे तिथंच द्या.
३. तिथून बोनाफाईड आणि 'मूळ एलसी आमच्याकडे जमा आहे' असं शिक्क्याचं पत्र घ्या.
४. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशात एलसी किंवा मायग्रेशन लागतं का ते माहितीपत्रकात पाहा. लागत असेल तर तिसऱ्या क्रमांकाचं पत्र चालेल का, हे फी भरण्याआधी विचारा.

इंजिनीअरिंगच्या कॅप (सामायिक प्रवेश प्रक्रिया) फेरीसाठी डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमिलेयर किंवा ईडब्ल्यूएस हे नेहमीचंच. त्यावर फार लिहीत नाही. फक्त जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. नंदुरबार आणि धुळ्याकडच्या आदिवासी मुलांची जागा याच एका कागदापायी जाताना मी पाहिली आहे.

शिष्यवृत्ती: महाडीबीटीवर अर्ज एकाच अभ्यासक्रमासाठी करा, आणि ज्याची फी मोठी त्यासाठी करा. दोन्हीकडं दावा करायला जाऊ नका, नंतर वसुली निघते.

## ६. अर्ज भरताना

फॉर्म सेतूवर किंवा नेट कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकलेले अर्ज मी दरवर्षी पाहतो. ओटीपी त्याच्याकडं जातो, तो लग्नाला गेलेला असतो आणि पर्याय गोठवायची मुदत त्या रात्री संपते.

इग्नूसारख्या दूरस्थ पदवीसाठी आधी एबीसी (क्रेडिट जमा ठेवणारी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स') आयडी आणि मग डेब (आयोगाचा दूरशिक्षण विभाग) आयडी काढावा लागतो. या क्रमानंच. आधारवरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि एबीसीवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. आपल्याकडं आडनाव आधी की नाव आधी, वडिलांच्या नावाला 'भाऊ', 'राव' लागलं की नाही, यावर मेळ बसत नाही. दुरुस्तीला महिना धरा.

दोन्ही प्रवेश एकाच दिवशी करू नका. आधी वर्गातला पक्का होऊ द्या, वेळापत्रक हातात येऊ द्या, मग दुसरा. आयआयटी मद्रासची सत्रं जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीन असतात, त्यामुळं एक सत्र थांबलात तर बिघडत नाही. उलट मी तर सांगतो, बीएस्सीचं पहिलं सत्र नुसतंच करा. वसतिगृह, मेस, इंग्रजीतून शिकवणं हे अंगवळणी पडलं की दुसरं सुरू करा.

## ७. विषय कोणत्या क्रमानं लावायचे

प्रवेश झाला की मुलांना वाटतं आता फक्त अभ्यास. पण दोन अभ्यासक्रम एकमेकांना मदत करतील की आडवे जातील, हे विषयांच्या क्रमावर आहे.

गणित सगळ्यांच्या आधी. व्हेक्टर कॅल्क्युलस झाल्याशिवाय विद्युतचुंबकत्व कुठल्याच बाजूनं घेऊ नका. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल हाताला सवयीचे झाले की फिजिक्सचं ते आणि इंजिनीअरिंगचं ते, दोन्ही एकाच कष्टात निघतं. डिफरन्शियल समीकरणं आणि कॉम्प्लेक्स संख्या सर्किटच्या आधी. लाप्लास आणि फूरिए सिग्नल्सच्या आधी. क्वांटम आणि सॉलिड स्टेट मात्र सेमीकंडक्टर उपकरणांच्या आगेमागे आले तरी चालतात. डायोड आधी वापरून बघितला तर बँड थिअरी उलट गोड लागते.

एक बारीक गोष्ट, जिच्यापायी चांगल्या मुलांचे गुण जातात. इंजिनीअर उणे एकच्या वर्गमुळाला 'जे' म्हणतो, कारण 'आय' त्यानं करंटला देऊन टाकलाय. हे कुणीही लक्षात ठेवतं. पण इंजिनीअर काळाचा घातांक 'अधिक जे ओमेगा टी' धरतो, आणि फिजिक्सवाला तरंगांच्या, क्वांटमच्या तासाला 'उणे आय ओमेगा टी'. परिणाम असा की इंडक्टरचा इम्पीडन्स एका वहीत 'अधिक जे ओमेगा एल' आणि दुसऱ्या वहीत 'उणे आय ओमेगा एल' निघतो. दोन्ही बरोबर. सकाळची सवय दुपारच्या पेपरात नेली की चिन्ह उलटं पडतं, फेज पुढचा मागं जातो आणि तपासणारा सरळ काट मारतो. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवा: या वहीत कोणतं चिन्ह. उत्तर काढल्यावर तपासा की इंडक्टरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागं राहतोय ना. राहत नसेल तर चिन्हांची सरमिसळ झाली आहे.

प्रॅक्टिकलच्या सवयीही वेगळ्या. फिजिक्सच्या जर्नलात त्रुटीचा अंदाज आणि लघुत्तम माप मागतात. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये पहिला प्रश्न असतो मीटरची रेंज कोणती आणि फ्यूज किती अँपिअरचा. फिजिक्सच्या टेबलावर बहुधा पाच-बारा व्होल्ट असतात, मशीन लॅबमध्ये ४१५. जोडणी झाल्यावर सरांनी पाहिल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही, आणि ओढणी, कडं, अंगठी बाहेर काढून ठेवायची.

## ८. परीक्षा, आणि कधी थांबायचं

सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडच्या परीक्षांचे महिने एका कागदावर लिहा. वर्गातल्या पदवीच्या परीक्षा साधारण हिवाळी आणि उन्हाळी, इग्नूच्या जून आणि डिसेंबर, आयआयटी मद्रासच्या रविवारी, आणि सत्राअखेरीची त्यातलीच एक डिसेंबरला. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरला गर्दी पक्की. त्या सत्रात दुसऱ्या पदवीचा एक विषय कमी घ्या. एकाच दिवशी दोन पेपर आले तर वर्गातला द्या, दुसरा पुढच्या वेळी. फॉर्म भरतानाच हे ठरवलेलं असलं की रडारड होत नाही.

हजेरी ७५ टक्के. "मी दुसरी डिग्री करतोय" हे कारण हजेरीपटाला चालत नाही.

थांबायची रेषा आधीच आखा. माझी रेषा अशी: एका सत्रात मुख्य पदवीत दोन विषय राहिले, तर पुढच्या सत्रात दुसरी पदवी थांबवायची. एटीकेटीवर पुढं जाता येतं म्हणून दोन्ही ओढू नका. वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) बसला की दोन्हीकडचं गणित बिघडतं. आयआयटी मद्रासच्या अभ्यासक्रमात मधल्या टप्प्यांवर प्रमाणपत्र आणि डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, आणि इग्नूत सहा वर्षांची मुदत आहेच, तेव्हा थांबणं म्हणजे सगळं पाण्यात असं होत नाही.

दुसरी पदवी सोडलीच, तर नुसतं जाणं बंद करू नका. रद्द करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, मिळवलेले क्रेडिट एबीसी खात्यावर दिसतात का ते लॉगिन करून बघा. आणि वर्गातली पदवी सोडून दुसरीकडं जात असाल, तर मूळ एलसी हातात पडल्याशिवाय त्या कॉलेजच्या ऑफिसातून उठू नका.